टुरेट असलेल्या मुलाच्या दाढेचं काम: पूर्ण भूल हाच एक मार्ग आहे का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा ११ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी न्यूरॉलॉजिस्टनी टुरेट सिंड्रोमचं निदान केलं. मान उजवीकडे झटकणं, मधूनच तोंड मोठं उघडणं आणि घशातून आवाज काढणं या त्याच्या मुख्य टिक्स, म्हणजे नको असताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली आणि आवाज. गालही आतून चावतो. टिक्ससाठी रोज क्लोनिडिन हे औषध चालू आहे. खालच्या उजव्या मोठ्या दाढेला कीड लागली आहे, थंड पाण्याने कळ येते आणि आठवडाभर रात्री झोपमोड होते आहे. पहिल्या डॉक्टरांनी ड्रिल तोंडाजवळ नेलं तेव्हाच मान झटकली. ते घाबरले आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊनच हे होईल म्हणाले. दुसऱ्यांनी ‘दोघांनी घट्ट धरा, पाच मिनिटांत उरकतो’ असं सुचवलं. तिसऱ्यांनी दाढ काढूनच टाका म्हटलं. आता कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारता आहात.

मी पुण्यात बालदंतवैद्यक करते. न्यूरॉलॉजिस्ट आणि बालमानसोपचारतज्ज्ञांकडून टुरेटची मुलं माझ्याकडे नेहमी येतात. त्यांतल्या बहुतेकांची कामं साध्या खुर्चीवर, मूल जागं असतानाच होतात. म्हणून आधीच सांगते की तुम्ही लिहिलंय त्यावरून पूर्ण भूल ही पहिली पायरी वाटत नाही. धरून ठेवणं अजिबात नको. आणि दाढ काढायची की वाचवायची हे एक्स-रे पाहिल्याशिवाय कुणीच ठरवू नये. मी मुलाला तपासलेलं नाही, तेव्हा हा उपचाराचा आदेश समजू नका. पण अशा मुलाबाबत मी काय विचार करते आणि का, ते सगळं सांगते. ते तुमच्या डॉक्टरांनाही वाचून दाखवा.

तिन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: दाताचं काम करायचं तर पेशंट हलता कामा नये. मग हलणाऱ्याला झोपवा, नाहीतर धरा, नाहीतर दातच काढून मोकळे व्हा. मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करते. टिक येणारच आणि कधीही येईल, हे धरूनच कामाची मांडणी करायची. काम करताना सतत मनात विचारायचं की आत्ता, या क्षणी मान झटकली तर माझ्या हातातलं हत्यार कुठे जाईल? ‘त्याच्या जबड्याबरोबरच हलेल’ असं उत्तर आलं तर काम चालू ठेवायचं. ‘गालात किंवा जिभेत घुसेल’ असं आलं तर हात, हत्यार किंवा पद्धत बदलायची. बदलायचं आहे ते डॉक्टरने, मुलाने नव्हे. तुमच्या मुलाने त्या दिवशी काहीही चुकीचं केलेलं नाही. हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, कारण ‘माझ्यामुळे डॉक्टर घाबरले’ हे त्याच्या मनात घर करून बसलं असेल.

आता टिकबद्दल थोडं. दातांचे डॉक्टर बऱ्याचदा तिला आकडी समजतात आणि नातेवाईक ‘चाळे’ म्हणतात. ती दोन्ही नाही. मुलाला आधी आतून काहीतरी दाटून येतं, शिंक येण्याआधी नाकात होतं तसं, आणि टिक केली की तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. ती थोडा वेळ दाबून धरता येते, पण त्यात सगळं लक्ष खर्च होतं आणि मूल दमतं. ताण, उत्सुकता, थकवा यांनी टिक्स वाढतात. मन कशात तरी गुंतलं की बहुधा कमी होतात. टिकबद्दल बोललं, त्याकडे टक लावून पाहिलं तरीही वाढतात. आता दवाखान्यातलं चित्र आठवा: डोळ्यांवर दिवा, तोंडात पाणी, कानाशी ड्रिलचा आवाज, आणि वरून चार माणसं ‘मान हलवू नकोस हं’ म्हणताहेत. टिक यायला हवी तेवढी सगळी कारणं एका जागी जमली. म्हणून माझ्या दवाखान्यात ‘हलू नकोस’ हे वाक्य बंद आहे. आम्ही मुलाला पहिल्यांदाच सांगतो, ‘टिक आली तर येऊ दे, आम्ही थांबू.’ ही परवानगी मिळाल्यावर टिक्स पूर्ण जात नाहीत, पण दाबून ठेवण्याचा ताण जातो आणि तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

धरून ठेवण्याला माझा इतका विरोध का, तेही यातूनच कळेल. टिकची ओढ दाबल्याने नाहीशी होत नाही. डोकं धरलं की मूल त्या हाताविरुद्ध जोर लावतं, मानेला इजा होऊ शकते आणि झटका अधिकच जोरात येतो. शिवाय त्याच्या तोंडात त्या वेळी फिरतं ड्रिल असतं. आणि एकदा असं झालं की ते मूल पुढची कित्येक वर्षं दाताच्या डॉक्टरकडे पाऊल टाकत नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत काय जमेल हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे टिक येण्याआधी त्याला चाहूल लागते का. लहान मुलांना बऱ्याचदा ती सांगता येत नाही, पण दहा वर्षांच्या पुढची पुष्कळ मुलं नीट सांगतात. चाहूल लागत असेल तर निम्मं काम सोपं झालं. दुसरं, मान झटकण्याचा जोर किती आणि त्या टिक्स सुट्या येतात की झुंडीने. टिक्स साधारणपणे झुंडीने येतात आणि मग मध्ये शांत वेळ मिळतो. नाजूक काम आम्ही त्या वेळेत करतो. तिसरं, सोबत चंचलता किंवा मंत्रचळेपणा आहे का, कारण टुरेटसोबत एडीएचडी आणि ओसीडी वारंवार दिसतात, आणि कधीकधी खुर्चीवर खरी अडचण टिकपेक्षा त्यांचीच होते. ओसीडी असलेल्या मुलाला हातमोज्यांचा वास किंवा दुसऱ्याच्या तोंडात गेलेली हत्यारं या विचारानेच नको होतं. अशा मुलाला निर्जंतुक केलेलं पाकीट त्याच्यासमोर फोडून दाखवलं की काम पुढे सरकतं. आणि शेवटी, कीड किती खोल आहे.

पहिल्या भेटीत मी काहीच उपचार करत नाही, असह्य दुखत नसेल तर. टिक्सची सगळी माहिती पालकांकडून आधी फोनवर किंवा लिहून घेते, म्हणजे मुलासमोर त्याचा पाढा वाचावा लागत नाही. मुलाला मात्र एकदा स्वतःहून विचारते, कारण त्याच्या शरीराबद्दल त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं: तुला कळतं का आधी? कशाने कमी होते? शाळेत काय करतोस? नववी-दहावीची मुलं अशी उत्तरं देतात की माझ्या कामाची सगळी आखणी त्यावरूनच होते. एका मुलाने सांगितलं होतं की पंजात काहीतरी घट्ट धरलं की मान कमी झटकते. तेव्हापासून प्रत्येकाच्या हातात मऊ चेंडू द्यायची पद्धत आम्ही ठेवली. सगळ्यांना त्याचा उपयोग होतो असं नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

मग दोन खुणा ठरवतो. एक बोट वर केलं की ‘येते आहे’, पूर्ण हात वर केला की ‘थांबा, मला विश्रांती हवी’. बोट वर दिसताच हत्यार थांबवून बाहेर काढायचं, टिक होऊ द्यायची, पुन्हा सुरू करायचं. हे आधी नुसत्या आरशाने, मग दात पुसायच्या मऊ ब्रशने करून पाहायचं. मुलाने मुद्दाम खोटी खूण करून डॉक्टर खरंच थांबतात का हे तपासून पाहिलं तर मला आनंदच होतो, कारण विश्वास तिथेच बसतो. खूण करूनही डॉक्टर ‘एकच मिनिट, होतंच आलं’ म्हणत राहिले, तर ती व्यवस्था त्याच दिवशी मोडली असं समजा.

आता हाताचं तंत्र, कारण चाहूल न लागता येणाऱ्या टिकसाठी हेच संरक्षण आहे. मी मुलाच्या डोक्यामागे बसते. डावा हात त्याच्या डोक्याभोवती असतो, पकडीसारखा नाही, नुसता टेकलेला, म्हणजे डोकं वळलं की माझा हात त्याबरोबर वळतो. उजव्या हाताची अनामिका त्याच जबड्याच्या शेजारच्या दातांवर घट्ट टेकलेली असते. त्यामुळे जबडा हलला तर हँडपीस (म्हणजे हातात धरायचं ड्रिल), माझा हात आणि दात एकत्र हलतात, एकमेकांच्या तुलनेत जागेवरच राहतात. हात हवेत ठेवून काम करायची सवय असलेल्या डॉक्टरला हे मुद्दाम शिकावं लागतं. एअरोटर, म्हणजे वेगवान ड्रिल, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो आणि पायाचं बटण सोडल्यावरही क्षणभर फिरत राहतो. म्हणून तो तोंडात नेताना आणि काढताना थांबलेला हवा. शक्य असेल तिथे मी कमी वेगाचं हँडपीस आणि चमच्यासारखं हाताचं हत्यार वापरते. मऊ कीड हाताने खरवडूनही बरीच निघते.

तोंड उघडायची टिक असलेल्या मुलाला दोन दातांमध्ये रबराचा ठोकळा देते, म्हणजे जबडा आधारावर टेकतो आणि अचानक मिटतही नाही. त्याला दोरा बांधलेला असतो, म्हणजे तो घशाकडे गेलाच तर ओढून काढता येतो. त्यानंतर रबर डॅम, म्हणजे फक्त काम करायचा दात बाहेर ठेवणारा रबराचा पातळ पडदा. टुरेटच्या मुलांसाठी मी यावर अडून बसते. जीभ आणि गाल पडद्यामागे राहतात, औषध किंवा बारीक सुई घशात जात नाही आणि पाणी घशाशी साचत नाही. तुमच्या मुलाची घशाची टिक आहे, त्यामुळे हा शेवटचा फायदा त्याला सगळ्यांत जास्त होईल; घशात पाणी गेलं की ती टिक हमखास येते. डोळ्यांवर गॉगल हवा. दिव्याची तिरीप कमी होते आणि काही उडालं तर डोळे वाचतात.

इंजेक्शनचा क्षण सर्वांत जपायचा. आधी बधिर करणारं जेल लावून नीट वाट पाहायची. खालच्या दाढेसाठी सहसा जबड्याच्या मागच्या बाजूला खोल सुई द्यावी लागते. मान झटकणाऱ्या मुलात मी तिथे शक्यतो जात नाही. आर्टिकेन नावाचं औषध दाढेच्या बाहेरच्या बाजूने हिरडीत वरवर दिलं तरी मुलांमध्ये बऱ्याचदा पुरतं. दाताच्या आतली नसच खूप सुजलेली असेल तर मात्र ते कमी पडू शकतं आणि खोल सुई टळत नाही. तेव्हा लांब, जाडसर सुई घ्यायची, ती वाकवायची नाही, मुळापर्यंत खुपसायची नाही आणि टिक्सची एक झुंड संपून शांत वेळ सुरू झाला की हात टेकवून द्यायची. इंजेक्शनआधी ‘येते का?’ असं विचारायचं, ‘येत नाही ना?’ असं नाही.

तुमच्या मुलाबाबत आणखी एक धोका आहे. तो गाल चावतो. बधिर झालेला ओठ आणि गाल दोन-तीन तास, कधी त्याहूनही जास्त वेळ सुन्न राहतात आणि तेवढ्यात टिकने चावलं तर मोठी जखम होते, दुसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजतो. घरी जाताना दातांमध्ये कापसाची गुंडाळी ठेवा, बधिरपणा जाईपर्यंत चावायचं काही देऊ नका आणि तेवढा वेळ त्याच्यासोबत राहा.

आता दाढेबद्दल. रात्री आपोआप दुखतं याचा अर्थ बहुधा कीड नसेपर्यंत पोचली आहे किंवा अगदी जवळ आहे. नुसतं सिमेंट भरून हे मिटेल असं मला वाटत नाही. पण लगेच अनेक बैठकांचं रूट कॅनालच करावं लागेल असंही नाही. नसेचा वरचा सुजलेला भाग काढून मुळांमधला जिवंत भाग एमटीए किंवा बायोडेंटिनसारख्या सिमेंटने झाकायचा, ही पद्धत आता कायमच्या दाढांतही वापरतात. नसेतून येणारं रक्त थोड्या वेळात थांबलं तर ती जमते, नाही थांबलं तर रूट कॅनाल. टुरेटच्या मुलासाठी या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे एका बैठकीत काम होतं. त्यावर मी साधी स्टीलची तयार कॅप बसवते. पांढरी दिसत नाही, पण दाढ फार घासावी लागत नाही, आणि दात खाणाऱ्या, जबडा आवळणाऱ्या मुलाच्या तोंडात ती टिकते. दिसायला छान कॅप वाढ पूर्ण झाल्यावर घालता येते.

काढून टाकायचा सल्ला सरसकट चुकीचा नाही. सहाव्या वर्षी येणारी ही दाढ फारच बिघडली असेल तर ८ ते १० या वयात ती काढल्यावर मागची दाढ सरकून पुष्कळदा ती जागा भरून काढते. तुमचा मुलगा ११ चा आहे, त्यामुळे ती वेळ जवळजवळ गेली आहे. मागच्या दाढेची मुळं किती तयार झालीत हे एक्स-रेत पाहिल्याशिवाय काढू नका. बरं, काढणं हे टिकच्या दृष्टीने सोपं काम आहे अशी जी समजूत असते ती खरी नाही. त्यालाही नीट बधिर करावं लागतंच आणि जोर लावताना मान झटकली तर तितकीच अडचण होते.

एक्स-रेबद्दल एवढंच. आरव्हीजी, म्हणजे तोंडात छोटा सेन्सर ठेवून काढलेला एक्स-रे, क्षणात निघतो, तो टिक्सच्या मधल्या वेळेत सहज जमतो. ओपीजीचं, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचं यंत्र डोक्याभोवती दहा-पंधरा सेकंद फिरतं, त्यात मान झटकली की चित्र बिघडतं. म्हणून आधी छोटा एक्स-रे मागा, ओपीजी खरोखर लागला तरच.

हे सगळं करूनही काही मुलांना जास्त मदत लागते. मधली पायरी म्हणजे लोक ज्याला लाफिंग गॅस म्हणतात तो नायट्रस ऑक्साइड. ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कने देतात, मूल जागं राहतं, बोलतं, खुणा करतं, फक्त धास्ती उतरते. धास्ती उतरली की टिक्सही बऱ्याच मुलांत सौम्य होतात. काम संपल्यावर नुसता ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत परिणाम जातो. नाक चोंदलेलं असेल किंवा सारखं नाक ओढायची टिक असेल तर त्याचा नीट उपयोग होत नाही. तुमच्या मुलाची टिक घशाची आहे, म्हणून माझ्या मते हे करून पाहण्यासारखं आहे. गुंगीचं औषध पाजून काम करणं मात्र क्लोनिडिन चालू असताना सहज घेण्याचा निर्णय नाही. दोन्हीची झोप एकत्र होते आणि रक्तदाब उतरू शकतो, तेव्हा भूलतज्ज्ञ हजर असल्याशिवाय ते करू देऊ नका.

पूर्ण भुलीची पाळी कधी येते? मानेच्या किंवा जबड्याच्या जोरदार टिक्स चाहुलीशिवाय येत असतील आणि त्यात चार-सहा दाढा खोल किडल्या असतील, किंवा दोन-तीन भेटींनंतरही मूल आरसासुद्धा तोंडात घेऊ देत नसेल, तेव्हा मी स्वतः भूल सुचवते. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. खोल भुलीत टिक्स थांबतात. पण मग एकदाच सगळं करून घ्या: पूर्ण एक्स-रे, सगळ्या किडी, न किडलेल्या दाढांच्या खाचा बुजवणं, फ्लोराइड. एका दाढेसाठी भूल आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या दाढेसाठी पुन्हा भूल, असं होता कामा नये.

औषधांबद्दल हे नीट वाचा, कारण यात खरा धोका असतो. क्लोनिडिन दाताच्या कामासाठी बंद करू नका. एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळतो. नेहमीच्या वेळी नेहमीचा डोस द्या, भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञ सांगतील तसं. काम झाल्यावर खुर्चीवरून झटकन उठवू नका, आधी बसवा, मिनिटभराने उभं करा, नाहीतर चक्कर येते. क्लोनिडिनने तोंड कोरडं पडतं आणि लाळ कमी झाली की कीड वाढते, म्हणून या मुलांच्या दातांकडे जास्त लक्ष हवं. पुढे कधी टिक्ससाठी रिस्पेरिडोन, अरिपिप्रॅझोल, हॅलोपेरिडॉल किंवा पिमोझाइड सुरू झालं तर ते दाताच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. पिमोझाइड घेणाऱ्याला अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं देऊ नयेत, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. आपल्याकडे दाढ दुखली की केमिस्टकडून अझिथ्रोमायसिनची पट्टी आणली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. नसेच्या सुजेने दुखणाऱ्या दाढेला प्रतिजैविकाचा तसाही उपयोग नसतो. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोनसोबत उलटीसाठी मेटोक्लोप्रॅमाइडही नको, त्याने मान-जबडा आखडू शकतो. ओसीडीसाठी क्लोमिप्रामिन असेल तर बधिर करायच्या औषधातलं ॲड्रेनलिन बेताने द्यावं लागतं. औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा, तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

गाल चावण्याबद्दल तुम्ही सहज एका ओळीत लिहिलंय, पण ते मी तपासून घेईन. कुठल्या तरी दाताची किंवा तुटलेल्या सिमेंटची टोकदार कड गालाला लागत असते, जीभ तिथे जात राहते आणि चावायची ओढ वाढते. ती कड घासून गुळगुळीत केल्यावर चावणं कमी झालेलं मी पाहिलं आहे. या वयात दुधाच्या शेवटच्या दाढा हलत असतात, त्यानेही असंच होतं. अगदी सैल झालेली दुधाची दाढ काढणं बरं पडतं. जखमा सारख्या होत असतील तर रात्री किंवा घरी असताना मऊ प्लास्टिकची पट्टी घालता येते, मात्र दात बदलत असल्याने ती दर काही महिन्यांनी नवीन करावी लागते. अशी पट्टी घातली की टिक्सच थांबतात, असे व्हिडिओ तुमच्यापर्यंत आले असतील. जपानमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात काही रुग्णांच्या टिक्स कमी झालेल्या दिसल्या, हे खरं. पण तेवढ्यावर महागडी पट्टी विकत घेण्याचा सल्ला मी देणार नाही. मी ती गाल आणि दात वाचवायला देते, टिकसाठी नाही. जबड्याची टिकच जास्त त्रास देत असेल तर सीबीआयटी या वर्तनोपचाराबद्दल तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ मुलाला चाहूल ओळखून त्या टिकऐवजी दुसरी साधी हालचाल करायला शिकवतात, आणि तोंड उघडण्याची टिकही त्यात घेता येते.

घरी दात घासताना मुलाला बसवून घासू द्या, उभ्याने नको. मऊ, लहान डोक्याचा ब्रश, जाड मुठीचा. टिक आली की ब्रश बाहेर, मग पुन्हा. एका वेळी दोन मिनिटं जमत नसतील तर दोन हप्त्यांत करा, बिघडत नाही. फ्लोराइडची टूथपेस्ट, रात्री घासल्यावर चूळ कमी. काही औषधांनी भूक वाढते आणि मुलं सारखी बिस्किटं-वेफर्स तोंडात टाकतात. खाणं जेवणाच्या वेळांशी बांधून घ्या.

या वयात टिक्स बहुधा सर्वांत जोरात असतात. १० ते १२ हा त्यांचा भराचा काळ, आणि पुढे पौगंडावस्थेत बऱ्याच मुलांच्या टिक्स ओसरतात. म्हणून माझा नियम असा की थांबू शकणारं काम थांबवायचं. दात सरळ करायच्या तारा, पुढच्या दाताचा टवका हे सगळं दोन-तीन वर्षांनी, कितीतरी सोपं होईल तेव्हा. दुखणारी दाढ मात्र आता.

तर या आठवड्यात असं करा. बालदंतवैद्यकात एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) केलेल्या डॉक्टरांचा शोध घ्या. जवळ नसतील तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत बालदंतवैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे खर्चही कमी येतो. फोनवर सरळ विचारा: टुरेटच्या मुलावर जागेपणी काम केलं आहे का, रबर डॅम वापरता का, पहिली भेट नुसती ओळखीची ठेवाल का? दिवसातली पहिली वेळ मागा किंवा तुमच्या अनुभवाने टिक्स ज्या वेळी कमी असतात ती. वेटिंग रूममध्ये घशाच्या आवाजावर लोक वळून पाहतात, तेही टळतं. दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, तुमच्या बालरोगतज्ज्ञांना डोस विचारून. गाल बाहेरून सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलात न्या. तेव्हा टिक्स आहेत म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर ऐकून घेऊ नका.